डोकं एका सालाचं, धड दुसऱ्या सालाचं

महालक्ष्म्यांची बोळवण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "वो ताई, तू बाहुल्या पाह्यतं म्हनते ना? आमच्या घरी एक हाय, मस्कतची. नातू म्हनते लाखाची हाय. येऊन जाय बरं एकडाव."

काकूंचं गाव आमच्या गावापासून आठ किलोमीटर. दोन्ही गावं आर्वी तालुक्यातली, वर्धा जिल्ह्यात. त्यांचे ब्लाउज मी पंधरा-सोळा वर्षांपासून शिवते, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. शिवाय मस्कतची बाहुली आपल्या पंचक्रोशीत निघते आहे म्हटल्यावर माझंच मन थाऱ्यावर नव्हतं. हातातलं फॉल-पिकोचं काम तसंच ठेवलं, पिशवी भरली आणि गाडीवर निघाले. पिशवीत भिंग, मोजपट्टी, छोटी टॉर्च, धुतलेलं पांढरं मलमल, मऊ ब्रश, कापूस लावलेल्या काड्या आणि वही. एवढ्यावर कोणत्याही बाहुलीची पारख होते. बाकीचं काम डोळ्यांचं आणि बोटांचं.

बाहुल्यांचा नाद मला शिलाईतूनच लागला. एका गिऱ्हाइकाच्या मुलीसाठी तिच्या बार्बीचा फ्रॉक शिवून द्यायचा होता. साडेअकरा इंचांची बाहुली, म्हणजे साधारण माणसाच्या एक षष्ठांश. वाटलं, अर्ध्या तासाचं काम. पूर्ण दुपार गेली. कापड सहा पटींनी लहान कापता येतं, पण धागा लहान होत नाही, सुई लहान होत नाही, कापडाची जाडी कमी होत नाही. आपल्या अंगावर नाजूक दिसणारी चुणी तिच्या कमरेवर गादीसारखी फुगते. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की कंपनीच्या कपड्यांमागे केवढी कारागिरी असते. बार्बी 9 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात आली. तिचे सुरुवातीचे कपडे शार्लट जॉन्सन या बाईंनी बेतले, आणि ते शिवून घेण्यासाठी त्या जपानमध्ये जाऊन राहिल्या होत्या. तिथल्या कारागिरांकडून बारीक नक्षीचं कापड, बोटाच्या पेराएवढ्या चेना, ज्वारीच्या दाण्याएवढी टिचबटणं त्यांनी करून घेतली. हे वाचलं तेव्हा मला त्या बाईंबद्दल आपल्याच धंद्यातल्या थोरल्या बहिणीसारखं वाटलं. आजही वाटतं.

काकूंच्या घरी पोचले तर माजघरात महालक्ष्म्यांची आवराआवर चाललेली. मुखवटे ताटात काढून ठेवलेले, शेजारी कापूस, ज्यांवर मुखवटे बसवतात त्या कोठ्या भिंतीला उभ्या, साड्यांच्या घड्या पलंगावर. लोखंडी पेटी उघडी. काकूंनी आधी पुरणपोळी आणि आंबील समोर ठेवली. "खाय आंधी. बाहुली कुठी पळून नाई जात."

नातू बाहुली घेऊन समोर बसला होता. वीस-एकवीसचा पोरगा, मोबाइलमध्ये एक फोटो काढून ठेवलेला. "मावशी, हे पाहा. तीन लाख डॉलरले गेली एक. आपली एवढी नसन, पन लाख तं येईन ना?"

फोटो मी ओळखला. 2010 साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एक बार्बी 3 लाख 2 हजार 500 डॉलरला गेली होती, ती ही. पण तिच्या गळ्यात खरा गुलाबी हिरा होता. स्टेफानो कांतुरी नावाच्या ऑस्ट्रेलियन जवाहिऱ्याने घडवलेला हार, आणि पैसे स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी दिले गेले. ती किंमत हिऱ्याची होती, हे मी त्याला लगेच सांगितलं. आशा वाढू देऊन शेवटी फोडण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असा माझा अनुभव आहे. पोरगा थोडा हिरमुसला, पण उठून गेला नाही. शेवटपर्यंत बसला, आणि नंतर टॉर्च धरायचं काम त्यानेच केलं.

माझी एक पद्धत आहे. बाहुली हातात घेण्याआधी घरच्यांची गोष्ट ऐकून वहीत लिहून घ्यायची. कोणी आणली, कधी, कोण खेळलं, कुठे ठेवली होती. काकू म्हणाल्या, "माया भाऊ मस्कतले होता कामाले. पोट्टी चौथीत होती तवा आनली. शायंशीची गोष्ट असन. गुलाबी कोट होता, टोपी होती, लहानशी पेटी होती हातात, हापिसात जातात तशी." त्यांची ही लेक आता अमरावतीला असते. तिच्यामागून घरातली नात खेळली, मग बाहुली कपाटात गेली. नात म्हणजे या पोराची मोठी बहीण. तिचंही लग्न होऊन दोन वर्षं झाली.

गुलाबी कोट आणि हापिसाची पेटी म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात नाव आलं: डे-टू-नाइट बार्बी. 1985 मध्ये बाजारात आली, तिच्या खोक्यावरचं साल 1984. दिवसा गुलाबी सूट घालून कचेरीत जाणारी, आणि संध्याकाळी तोच स्कर्ट उलटा करून चमकीचा घालून मेजवानीला निघणारी. सोबत हॅट, बॅग, नखाएवढं कॅल्क्युलेटर, दिवसाचे बूट वेगळे आणि रात्रीचे वेगळे. शिवणाऱ्या बाईला हा पोशाख पाहून आनंदच होतो, कारण उलटसुलट दोन्ही बाजूंनी घालायचा कपडा शिवणं म्हणजे शिलाई लपवायला जागाच नाही. पण ऐकलेल्या गोष्टीवर वहीत नाव लिहायचं नाही. आधी पाहायचं.

खिडकीशी मलमल अंथरलं आणि बाहुली त्यावर ठेवली. ट्यूबलाइटखाली पारख करू नये. रंगातला फरक दिवसाच्या उजेडातच दिसतो.

पहिला चेहरा. डोळे समोर पाहणारे. बार्बी 1959 पासून 1970 पर्यंत तिरक्या नजरेने बाजूला पाहायची. समोर पाहायला लागली ती 1971 च्या मालिबू बार्बीपासून. म्हणजे ही त्यानंतरची. मग हसू. ओठ उघडे, दात दिसतात, गाल भरलेले. हा 'सुपरस्टार' बार्बीचा चेहरा, 1977 मध्ये आलेला आणि नव्वदीच्या दशकातही बराच काळ चाललेला. काकूंच्या शायंशीला, म्हणजे 1986 ला, हा चेहरा बसत होता. केस सोनेरी, मागून एक बट कापलेली. कारखान्यातला केस टोकाला कमी-जास्त असतो, कात्रीने कापलेला एका रेषेत सपाट दिसतो. ही बट सपाट होती. काकू म्हणाल्या, "नातीनं कापली असन. जावळ काढू म्हने."

डाव्या कानाची पाळी हिरवी. भिंगातून पाहिलं तर मधोमध टाचणीचं बारीक भोक, त्याच्याभोवती मुगाएवढा हिरवा डाग. खेळताना कान टोचला होता पोरींनी, पितळेच्या टाचणीने. पितळेत तांबं असतं. ते हळूहळू गंजतं आणि त्याचा हिरवा क्षार व्हिनाइलमध्ये, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये, मुरत जातो. वरून पुसून निघत नाही, कारण तो वर नसतोच, आत असतो. उजव्या कानात टाचणी अजून होती. ती मी चिमट्याने पहिल्यांदा काढली. असं काही दिसलं की पारख बाजूला ठेवून आधी धातू काढायचा, कारण तो रोज थोडा थोडा पसरत असतो.

आता पोशाख. कोट नंतर पाहू म्हणून बाजूला ठेवला आणि स्कर्टकडे वळले. स्कर्ट अस्सल होता यात शंका नव्हती. एका बाजूला साधं गुलाबी कापड, दुसऱ्या बाजूला झिरझिरीत चमकीचं, आणि दोन्ही कमरेत अशी बसवलेली की कुठूनही पाहिलं तरी टीप उघडी नाही. पण एक गोष्ट खटकली. कमरपट्टीची टोकं जुळत नव्हती. मागे टाचून बसवलेलं होतं, पिन लावून. मोजलं, चार मिलिमीटरचा फरक.

चार मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण सहाने गुणा. चोवीस मिलिमीटर, जवळपास एक इंच. बाईच्या कमरेत एक इंच कमी पडला तर मी काय समजते? एकतर कापड आटलं किंवा अंग वाढलं. हे कापड कृत्रिम धाग्याचं, धुतल्याने एवढं आटणारं नव्हतं. शिलाई ताणली असती तर टिपेच्या बाजूला धागे सरकलेले दिसले असते, तेही नव्हतं. मग राहिलं अंग. आणि बाहुलीचं अंग वाढत नाही.

चोळी वर केली. पोटावर बेंबी.

मी तशीच थांबले. नातवाने विचारलं, "काय झालं मावशी?" मी त्याला बेंबी दाखवली. त्याला काय त्याचं! पण बाहुल्या जमवणाऱ्याला ते एवढंसं खळगं म्हणजे साल लिहिलेली पाटी आहे. बार्बीला बेंबी आली 2000 साली, ज्वेल गर्ल बार्बीपासून. त्या नव्या धडाची छाती आधीपेक्षा लहान आणि कंबर रुंद केलेली होती. म्हणून तर 1985 चा स्कर्ट लागत नव्हता. मान पाहिली. चेहऱ्याचा रंग किंचित तांबूस, गळ्याखालचा पिवळसर. ट्यूबलाइटखाली हा फरक कधीच दिसला नसता.

चेहरा शायंशीचा, स्कर्ट शायंशीचा आणि धड दोन हजारनंतरचं. "काकू," मी म्हणाले, "हिचं डोकं हिचं नाही. म्हणजे डोकं तिचंच आहे, खालचं अंग दुसरीचं आहे."

काकू मुखवट्याला कापूस गुंडाळत होत्या. त्यांचा हात थांबला. मग आठवल्यासारखं म्हणाल्या, "हो वं माय! नातीची एक होती. बापानं नागपूरहून आनली होती. तिचं डोकस्कं कुत्र्यानं चाबलं. मंग रडू नको म्हनून हिचं काढून तिले लावून देल्लं का काय. मनीषानं नाई, कोनंतरी लावलं. आठवत नाई मले." हे बोलताना त्या सुनेचं नाव घेऊन गेल्या आणि लगेच खोडलं, इतकी जुनी गोष्ट होती ती.

"मग हिचं जुनं अंग?"

"फेकलं असन."

मी वहीत लिहिलं: डोकं आणि स्कर्ट जुळतात, धड बदललेलं, मूळ धड नाही. असं लिहिताना वाईट वाटतं. मूळ धड नसलेली बाहुली जमवणाऱ्यांच्या लेखी जवळजवळ सुट्या भागांच्या किमतीची होते.

पुढचं काम कोटाचं. त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि मला तेच आवडतं. कोट आतून बाहेर केला. खांद्याची टीप मशीनची, बारीक, एका लयीत. उजव्या बाहीचा दुमड मशीनचा. डाव्या बाहीचा मात्र हाताचा, पांढऱ्या सुती धाग्याने तुरपाई केलेला. कोणीतरी उसवलेली बाही दुरुस्त केली होती. टाके लहान, सारख्या अंतरावर, ओढ कुठेही जास्त नाही. चांगला हात होता. पण टाक्यांचा कल उलटा. मी उजव्या हाताने तुरपाई करते तेव्हा टाके एका बाजूला कलतात, हे बरोबर त्याच्या विरुद्ध बाजूला कललेले होते. आरशात पाहिल्यासारखे.

"काकू, तुमच्याकडे डाव्या हाताने शिवणारं कोण?"

काकू हसल्या. "माई लेक डावखुरी हाय. तुले कसं समजलं?"

समजतं. बाहीच्या इंचभर दुमडीत पस्तीसेक टाके होते, आणि ते शिवणारी मुलगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असणार. या कोटात कंपनीची शिवलेली पट्टी नव्हती. पण बाहुलीच्या खोक्यात घालून येणाऱ्या प्रत्येक कपड्यावर ती असतेच असं नाही, त्यामुळे पट्टी नाही म्हणून मी कोट नाकारला नाही. कापड, शिलाईची बारीकी आणि स्कर्टशी रंगाचा मेळ या तिन्हींवरून तो अस्सल ठरवला. दुरुस्तीने बाजारातली किंमत थोडी उतरते. तरी ती तुरपाई उसवून मशीन मारून द्यावी, असं मला क्षणभरही वाटलं नाही. वहीत लिहिलं: डावी बाही, घरची दुरुस्ती, डाव्या हाताची, उत्तम.

एवढ्यात काकू पेटीच्या तळाशी मुखवट्यांचे डबे ठेवायला वाकल्या आणि आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. महालक्ष्म्यांच्या पेटीत आपल्याकडे सगळं जातं. जुन्या पैंजणांचे घुंगरू, तुटकी पोत, गोफाचे तुकडे, लेकरांचे चांदीचे वाळे. वर्षातून एकदा उघडते, त्यामुळे हरवलेलं तिथेच सापडतं. काकूंनी डबा हलवला. आत खुळखुळलं. झाकण उघडलं, तर गोफ आणि बुगड्यांच्या खाली एक बिनडोक्याचं धड, एक गुलाबी बूट आणि दोन डांबरगोळ्यांचे उरलेले कपचे.

माझ्या तोंडून आवाज निघाला म्हणे. मला आठवत नाही.

नातवाने आधी धड उलटं करून टॉर्च मारली आणि ओरडलाच. "मावशी! 1966 लिहिलंय! पासष्टच्या पुढचं! आजी, सहासष्टची हाय!"

पाठीच्या खालच्या भागावर कोरलेलं होतं ते खरंच होतं. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचं नाव, 1966, खाली तैवान. त्याचा आनंद पाहून मला माझीच गोष्ट आठवली. बाहुल्या जमवायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी एकाकडून मी एक बाहुली साडेचार हजारांना घेतली होती, "1966 ची, दुर्मीळ" म्हणून. साडेचार हजार म्हणजे लग्नसराईतल्या ब्लाउजांचे पैसे होते ते, रात्री दीड-दोनपर्यंत बसून शिवलेल्या. बाहुली आली, मी वाचत गेले, तशी माझी झोप उडाली. ती नव्वदीच्या दशकातली निघाली. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, पाठीवर लिहिलेलंच सांगितलं ना मी. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून पाठीवरच्या आकड्याबद्दल कुणाचा गैरसमज होताना दिसला की मला राहवत नाही.

मी नातवाला भिंतीशी उभ्या असलेल्या कोठ्या दाखवल्या. "तुमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे किती जुने?"

काकू म्हणाल्या, "माया सासूच्या सासूचे."

"आणि कोठ्या?"

"कोठ्या तं परवा परवा घेतल्या, आर्वीच्या बजारातून."

"मग तुमच्या महालक्ष्म्या किती जुन्या?"

पोरगा विचारात पडला. तेच मला सांगायचं होतं. बाहुलीच्या डोक्याचा साचा वेगळा, धडाचा साचा वेगळा, आणि अंगावर कोरलेलं साल त्या साच्याचं असतं. 1966 हे कमरेत वळणाऱ्या धडाच्या साच्याचं साल. ते धड बाजारात आलं 1967 ला, आणि तोच शिक्का पुढे नव्वदीच्या दशकापर्यंत बाहुल्यांच्या पाठीवर उमटत राहिला. लाखो बाहुल्या, सगळ्यांच्या पाठीवर 1966. म्हणून चेहरा, धड, देशाचं नाव, कपडा आणि घरच्यांची गोष्ट, हे पाचही एकमेकांशी बोलले पाहिजेत. इथे ते बोलत होते. तैवान हे नाव 1980 च्या दशकातल्या बाहुल्यांवर सर्रास सापडतं. 1966 कोरलेलं होतं आणि तरीही बाहुली 1985 च्या आसपासचीच होती. आकडा खोटा नव्हता, वाचणं चुकत होतं.

खरी परीक्षा कमरेची. बिनडोक्याच्या धडाला स्कर्ट नेसवला. टोकाला टोक बरोबर लागलं, पिन नको की ओढ नको. काकू टाळ्या वाजवत म्हणाल्या, "झालं वं बाई! आपलं आपल्याले बसलं."

डोकं मूळ धडावर बसवायचं का, हे मी काकूंना विचारलं. असा बदल पारख करणाऱ्याने स्वतःहून करू नये. त्या म्हणाल्या, लाव. मान थंड असताना ओढली तर फाटते आणि फाटलेली मान जोडता येत नाही. म्हणून गरम पाण्यात पिळलेला पंचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो मानेभोवती धरला, केसांना पाणी लागू दिलं नाही. पाच मिनिटांनी व्हिनाइल मऊ झालं. मग एका बाजूने हळूहळू फिरवत डोकं सोडवलं. आतल्या कडेवर भिंगाने पाहिलं तर 1976. सुपरस्टारच्या चेहऱ्याच्या साच्याचं साल. हे शेवटचं शिक्कामोर्तब. मानेच्या गाठीवर डोकं बसताना 'टप्' असा बारीक आवाज आला, आणि चेहऱ्याचा नि गळ्याचा रंग एक झाला.

सगळं गोड नव्हतं. डाव्या पायाला चिकटपणा होता. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जो तेलकट पदार्थ मिसळतात, तो वर्षानुवर्षांनी बाहेर येतो, आणि पाय दमट होतो. पोटरीवर दोन पांढरट डाग, डांबरगोळ्या जिथे टेकल्या होत्या तिथे. साड्यांना त्या ठीक, पण बाहुलीजवळ कधी ठेवू नयेत, प्लॅस्टिकला लागतात. पाय सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा केला. डाग गेले नाहीत. कानाच्या हिरव्या डागावर मुरुमांवर लावायचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून बरेच जण डाग फिका करतात, मीही माझ्या बाहुलीवर केलं आहे. पण त्याला दिवस लागतात आणि आजूबाजूचा रंगही उडू शकतो. विकायची असेल तर डाग तसाच दाखवून विका, असं मी सांगितलं.

नसलेल्या वस्तूंची यादी मोठी झाली. हॅट नाही. बॅग नाही. कॅल्क्युलेटर नाही. बूट एकच. मूळ खोका नाही. जमवणारे न उघडलेल्या खोक्यावर जीव टाकतात, आणि ही बाहुली तर दोन पिढ्यांनी मनसोक्त खेळलेली. मी वहीच्या पानावर तळाशी आकडा लिहिला: बाराशे ते सोळाशे रुपये, घेणारा जाणकार असेल तर. पान फाडून काकूंच्या हातात दिलं.

नातवाने ते वाचलं. गाडी घ्यायचा विचार होता त्याचा, जुनी. काही बोलला नाही. काकूच म्हणाल्या, "लाखाची नाई तं नाई. खरं तं समजलं. लिवून ठेव सगळं, कान हिरवा हाय ते बी, बाही शिवली ते बी. इकाचं तं सांगून इकू."

त्यांनी लेकीला अमरावतीला फोन लावून विचारलं. ती म्हणाली विका, माझ्या घरी ठेवायला जागा नाही, फक्त कोट कोणी उसवू नका म्हणा. महिन्याभराने पुण्याच्या एका बाईंनी पंधराशेला घेतली. मी पाठवलेल्या फोटोंत हिरवा कान आणि पोटरीचे डाग सगळ्यात पुढे ठेवले होते. त्यांनी विचारलं एकच, बाहीचा फोटो जवळून पाठवाल का.

पार्सल मीच बांधलं, काकूंच्या ओसरीवर बसून. केसांना रबर लावलं नाही, रबर वितळून चिकटतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली नाही, पाय दमट होतो. धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळली, कोट वेगळा, आत पातळ पांढरा कागद घालून, म्हणजे बाहीला घडी पडणार नाही. एकुलता बूट पुरचुंडीत. वहीच्या पानाची नक्कल वर. बेंबीवालं धड काकूंनी परत त्याच बिस्किटांच्या डब्यात टाकलं, घुंगरांबरोबर. मी डांबरगोळ्यांचे कपचे त्यातून काढून घेतले.